बायकांमधला स्ट्रोक: ओळखायचा कसा, पहिल्या तासात काय करायचं आणि टाळायचा कसा

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, ही स्ट्रोकची लक्षणं आता बऱ्याच जणांना तोंडपाठ असतात. तरी बायका हॉस्पिटलला उशिराच पोचतात, कारण घरात प्रत्येक लक्षणाला एक रेडिमेड कारण तयार असतं. झोप झाली नसेल, पित्त झालं असेल, पाळी जवळ आली असेल, टेन्शन फार घेतेस तू. आणि बाई स्वतःच म्हणते, जरा पडते, उठल्यावर बरं वाटेल. या "जरा पडते" मध्ये जे दोन-तीन तास जातात ते परत मिळत नाहीत. म्हणून नुसती लक्षणांची यादी नको, क्रम लक्षात ठेवा: तयारी, ओळख, वेळ, फोन. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, आणि टाळायचं कसं ते त्यानंतर, कारण ते मोठं प्रकरण आहे आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

एकच गोष्ट आधी समजून घ्या. साधारण 85 टक्के स्ट्रोक मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होतात, बाकीचे रक्तवाहिनी फुटून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, डॉक्टरलाही स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही. घरी होणाऱ्या निम्म्या चुका हे माहीत नसल्यामुळेच होतात.

टप्पा 1: आधीची तयारी

हे आज करायचं काम आहे, गडबड झाल्यावर नाही.

पहिलं, हॉस्पिटल ठरवून ठेवा. सगळ्यात जवळचं किंवा ओळखीच्या डॉक्टरांचं नाही, तर जिथे चोवीस तास सीटी स्कॅन होतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात ते. फोन करून सरळ विचारा, रात्री दोन वाजता स्ट्रोकचा पेशंट आणला तर स्कॅन आणि इंजेक्शन दोन्ही होईल का? आणि मोठी गुठळी तारेने काढायची सोय, म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमी, तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुठे पाठवता? दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलला आणि तिथून आणखी मोठ्या हॉस्पिटलला, अशा वाऱ्या करण्यात भरपूर वेळ जातो.

दुसरं, ॲम्ब्युलन्सचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये एकाच नावाने सेव्ह करा, पोरांच्याही.

तिसरं, एक कागद. त्यावर वय, बीपी-शुगर आहे का, चालू औषधं डोससकट, ॲलर्जी, आधीची ऑपरेशन्स आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. बायकांच्या कागदावर अजून चार गोष्टी हव्यात: गर्भनिरोधक किंवा हॉर्मोनची गोळी, प्रेग्नन्सी किंवा डिलिव्हरीची तारीख, मायग्रेन आणि आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का. डॉक्टरांनी "काही औषध चालू आहे का" विचारलं की बाई बिनधास्त "नाही" म्हणते, कारण गर्भनिरोधक गोळी तिच्या हिशोबी औषध नसतंच, पाळी पुढे ढकलायची गोळी तर नाहीच नाही.

घरातली म्हातारी बाई एकटी राहत असेल तर रोज सकाळी एक ठरलेला फोन, आणि तो उचलला नाही तर कोण किल्ली घेऊन जाणार हेही ठरलेलं हवं.

चेक: मोबाइल वापरणाऱ्या सगळ्यात लहान मुलाला विचारा, आईचं तोंड अचानक वाकडं झालं तर कुणाला फोन करशील? उत्तर "बाबांना" आलं तर टप्पा 1 झालेला नाही.

टप्पा 2: ओळखणं

महत्त्वाचा शब्द "अचानक". आत्तापर्यंत ठीक होतं आणि आता नाही, असं काहीही झालं की खालच्या पाच गोष्टी याच क्रमाने बघा, एक मिनिट पुरतं.

तोल: अचानक झोक जातोय का, उभं राहवत नाही का, चालताना एका बाजूला ओढल्यासारखं होतंय का. एका पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि तिला कळलंच नाही, ही खूण न्यूरोलॉजिस्ट आवर्जून विचारतात, कारण त्या पायात ताकद किंवा संवेदना कमी झालेली असते.

डोळे: एका डोळ्याने दिसेनासं झालं, अर्धं दिसतंय, एकाचे दोन दिसतायत.

चेहरा: "हसून दाखव" म्हटलं की लोक ओठ मिटून हसतात आणि त्यात फरक नीट दिसत नाही. दात दाखवायला सांगा. ओठाचा एक कोपरा खाली राहतो, पाणी प्यायलं असेल तर त्या बाजूने ओघळलेलं असतं.

हात: बसवून दोन्ही हात एकाच वेळी समोर, तळवे वर, डोळे मिटून 10 सेकंद. एक हात हळूहळू खाली येतोय किंवा तळवा आत वळतोय का बघा. एकेक हात वेगळा उचलायला लावला तर बारीक फरक सुटून जातो, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते.

बोलणं: "बरी आहेस ना" विचारू नका, "हो" एवढं तर अर्धवट शुद्धीतही म्हणता येतं. एक पूर्ण वाक्य म्हणायला लावा, आणि मग एक काम सांगा, डावा हात उजव्या कानाला लाव. शब्द जड येतायत, भलतेच येतायत किंवा सांगितलेलं समजतच नाहीये, तिन्ही सारखंच गंभीर. तिने नुकताच पाठवलेला मेसेज बघा, नेहमी नीट टाइप करणाऱ्या बाईचा मेसेज अचानक नुसती अक्षरांची खिचडी असेल तर तेही लक्षणच आहे.

पाचपैकी एक जरी अचानक बिघडलेलं असलं तरी पुरे, पाचही जमायची वाट बघायची नाही.

आता बायकांचं वेगळं काय. वरची लक्षणं बायकांनाही पुरुषांसारखीच होतात, "बायकांना तोंड वाकडं होत नाही" वगैरे जे फिरतं ते चुकीचं आहे. पण त्यांच्या सोबतीला अचानक गोंधळलेपणा, गुंगी, सगळं अंग गळून जाणं, मळमळ-उलटी, जोरदार डोकेदुखी हे बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि मग सगळ्यांचं लक्ष उलटीकडे जातं आणि लटकलेला हात राहून जातो. म्हणजे उलटी-चक्कर आहे म्हणून पित्त असं ठरवायच्या आधी वरची एक मिनिटाची टेस्ट करायचीच.

मायग्रेनवाल्यांसाठी थोडं सविस्तर. मायग्रेनच्या आधी जो ऑरा येतो, म्हणजे नागमोडी चमकत्या रेघा, मुंग्या, तो हळूहळू पसरतो, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत, आणि त्यात बहुधा काहीतरी जास्तीचं दिसतं किंवा जाणवतं. स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा एका झटक्यात काहीतरी जातं: दिसणं जातं, ताकद जाते, शब्द जातात. पण हा फरक घरी बसून निदान करायला नाही. ऑरा पहिल्यांदाच आला असेल, नेहमीपेक्षा वेगळा असेल किंवा अर्ध्या अंगाची ताकद गेली असेल तर मायग्रेन समजून झोपायचं नाही.

सावधान: मिनिटभराच्या आत टोकाला पोचलेली, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी असेल तर बाकी एकही लक्षण नसलं तरी इमर्जन्सी. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो आणि तो प्रकार बायकांमध्ये जास्त आढळतो.

सावधान: लक्षणं दहा मिनिटांत गेली, सगळं नॉर्मल झालं, तरी लगेच जायचं, उद्या नाही. याला टीआयए म्हणतात, आणि त्यानंतर मोठा स्ट्रोक येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सगळ्यात जास्त असतो.

टप्पा 3: वेळ लिहा

लक्षण कधी दिसलं ती वेळ नाही, ती शेवटची पूर्ण नॉर्मल कधी होती ती वेळ. सकाळी सहाला उठवायला गेलात आणि हात लुळा, तर वेळ सहा नाही, रात्री झोपताना साडेदहाला ठीक होती ती साडेदहा. पण मध्ये चार वाजता उठून बाथरूमला गेली, बोलली, तर चार. हे दोन तास विरुद्ध साडेसात तास एवढं फरकाचं गणित आहे, म्हणून घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या आणि हातावर पेनाने लिहा.

कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं आणि जितकं लवकर तितका उपयोग जास्त. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर दर मिनिटाला अंदाजे 19 लाख पेशी मरतात. थ्रॉम्बेक्टॉमी निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत करता येते, झोपेत झालेल्या स्ट्रोकमध्येही खास स्कॅन करून कधीकधी इंजेक्शन देता येतं. म्हणून "आता उशीर झाला, सकाळी बघू" हा निर्णय घरी घ्यायचा नाही.

टप्पा 4: फोन, आणि हात आवरा

ॲम्ब्युलन्सला फोन करून "स्ट्रोकची शंका आहे" हे शब्द वापरा. ॲम्ब्युलन्स यायला फारच वेळ लागणार असेल तरच आपली गाडी, आणि तिने स्वतः चालवत जायचं नाही, "मी ठीक आहे गं" म्हणाली तरी.

तोपर्यंत तिला आडवं करा, उलटी होत असेल किंवा गुंगी असेल तर कुशीवर. गळ्याजवळचे कपडे सैल करा. शुगर मोजायचं मशीन घरात असेल तर मोजा, कारण शुगर खूप कमी झाली तरी हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं, पण मशीन शोधण्यात वेळ घालवू नका.

जे करायचं नाही त्याची यादी जास्त महत्त्वाची आहे, कारण लोक प्रेमापोटी हेच करतात:

- पाणी, चहा, साखर काहीही तोंडात घालायचं नाही. गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असतात, घास श्वासनलिकेत जातो. शुगर कमी निघाली तर ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगा.
- ॲस्पिरिन द्यायची नाही. हार्ट ॲटॅकचा सल्ला इथे चालत नाही, आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल.
- बीपी जास्त दिसलं म्हणून बीपीची जादा गोळी द्यायची नाही. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये बीपी अचानक पाडलं तर मेंदूला उरलंसुरलं रक्तही मिळत नाही.
- मालिश नाही, आणि सुईने बोटं टोचून रक्त काढायचा जो मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय तो निव्वळ फालतूपणा आहे.
- आवरणं नाही. कपडे बदलते, गॅस बंद करते, दोन फोन करते, काहीही नाही.

टप्पा 5: हॉस्पिटलच्या दारात

पहिलं वाक्य ठरवून ठेवा: "स्ट्रोकची शंका आहे, शेवटची नॉर्मल 7.40 ला होती, उजवा हात गेलाय." "चक्कर आली" असं सांगितलं तर तुम्ही चक्करवाल्यांच्या लाइनीत बसाल. मग कागद द्या.

प्रेग्नंट असेल किंवा नुकतीच डिलिव्हरी झाली असेल तर ते दुसरं वाक्य. प्रेग्नन्सी आहे म्हणून डोक्याचा सीटी पुढे ढकलू नका, त्यात बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन अगदी नगण्य असतं.

पहिला सीटी नॉर्मल आला म्हणून स्ट्रोक नाही असं होत नाही. पहिल्या काही तासांत गुठळीचा स्ट्रोक साध्या सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही, तो स्कॅन मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला असतो. मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक, ज्यात नुसती चक्कर आणि तोल जाणं असतं, हमखास सुटतो. तरुण बाई असेल तर "घाबरल्यामुळे झालंय" असं सांगून घरी पाठवण्याचे प्रकारही होतात, आणि तिथे भांडायची गरज नसते, शांतपणे एवढंच विचारा: स्ट्रोक नाही हे कशावरून ठरवलं, आणि एमआरआय लागेल का? घरी नेण्याआधी तिला चालवून दाखवा. आधी चालणारी बाई आधाराशिवाय उभी राहू शकत नसेल तर निघायचं नाही.

टप्पा 6: टाळायचं कसं, बीपीपासून सुरुवात

स्ट्रोकचं सगळ्यात मोठं टाळता येण्यासारखं कारण बीपी. आणि ते मोजण्यातच निम्मे लोक चुकतात. कामातून उठून, बोलत बोलत, बाहीवरून पट्टा बांधून घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही.

असं मोजा: अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी-तंबाखू नाही, लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या लेव्हलला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त दिसतं. मिनिटभराच्या अंतराने दोन रीडिंग, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे.

सावधान: गोळी सुरू झाल्यावर बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही. ते नॉर्मल गोळीमुळेच आहे.

बाकीचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि करत कुणी नाही. तंबाखू कुठल्याही रूपात बंद. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, वरून घेतलेलं आणि पाकिटातल्या पदार्थांतलं धरून. आठवड्याला 150 मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि घरकामात दिवसभर उभं राहणं यात धरायचं नाही. शुगर आणि कोलेस्टेरॉल डॉक्टर सांगतील तितक्या वेळाने.

टप्पा 7: वयाप्रमाणे बायकांचे वेगळे धोके

गोळी आणि मायग्रेन. गर्भनिरोधकाच्या ज्या गोळीत इस्ट्रोजेन असतं तिने गुठळीचा धोका थोडा वाढतो. निरोगी, तरुण, तंबाखू न घेणाऱ्या बाईत तो मुळातच इतका कमी असतो की घाबरायचं कारण नाही. पण ऑरावालं मायग्रेन, वाढलेलं बीपी, पस्तिशीनंतर सिगारेट किंवा आधी कधी गुठळी झालेली असेल तर गणित बदलतं. ऑरावाल्या मायग्रेनला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमातच इस्ट्रोजेनवाली गोळी नको म्हटलंय, त्वचेवर चिकटवायचा गर्भनिरोधक पॅच आणि योनीत ठेवायची रिंगही त्यातच आल्या. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या प्रकारची गोळी किंवा कॉपर टी असे पर्याय असतात. गोळी मनाने बंद करू नका आणि मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून घेऊही नका, सुरू करायच्या आधी बीपी मोजून घ्या आणि मायग्रेनबद्दल कुणी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.

प्रेग्नन्सी आणि नंतरचे सहा आठवडे. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं, 160/110 ला पोचलं तर थेट हॉस्पिटल. सोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज असेल तर आकडा थोडा कमी असला तरी थांबायचं नाही. आधीच्या वेळी बीपी वाढलं होतं, जुळं आहे, किडनीचा आजार आहे, तर पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना कमी डोसच्या ॲस्पिरिनबद्दल विचारा, ती उशिरा सुरू करून फारसा उपयोग होत नाही. आणि ती त्यांनी लिहून दिली तरच घ्यायची.

खरी फसगत डिलिव्हरीनंतर होते. बाळ आलं, सगळे बाळाकडे, आणि आईचं बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर. त्या आठवड्यात बीपी मोजलंच पाहिजे, प्रेग्नन्सीत नॉर्मल होतं तरीही एकदा मोजा. डोकेदुखीतही फरक बघा. पाठीत इंजेक्शन दिल्यामुळे होणारी डोकेदुखी उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते. जी दिवसेंदिवस वाढत चाललीय, आडवं झाल्यावर जास्त होते, सोबत अंधुक दिसतंय किंवा फिट आली, ती मेंदूच्या शिरेतल्या गुठळीची असू शकते. झोप नाही म्हणून दुखतंय, असं म्हणून वेदनाशामक देत बसू नका. पाणी भरपूर प्या, अंगात पाणी कमी झालं की गुठळीला वाव मिळतो.

प्रेग्नन्सीत बीपी वाढण्याचा आजार ज्यांना झाला त्यांना पुढच्या आयुष्यात स्ट्रोकचा धोका जवळपास दुप्पट असतो. बाळ शाळेत गेलं तरी दरवर्षी बीपी, आणि नवीन डॉक्टरला हा इतिहास सांगायचा.

पाळी गेल्यावर. 45 च्या आत पाळी गेली किंवा ऑपरेशन करून अंडाशय काढली असतील तर बीपी-शुगरची तपासणी लवकर सुरू करा. गरम वाफांसाठी हॉर्मोन घ्यायचे असतील तर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी स्ट्रोकचा धोका थोडा वाढतो, साठीनंतर पहिल्यांदा सुरू केल्या तर जास्तच. कमी डोसच्या पॅच किंवा जेलमध्ये तसं दिसलेलं नाही, तेव्हा हा पर्याय विचारा. स्ट्रोक टाळायला म्हणून मात्र हॉर्मोन घेऊ नयेत.

साठीनंतर नाडी. हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, की हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाते, आणि या आजारात वयस्कर बायकांना स्ट्रोकचा धोका पुरुषांपेक्षा जास्त. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट नाडी बघा, ठोके मोजायला नाही, ताल बघायला. ताल सारखा चुकत असेल तर ईसीजी. रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली तर "ॲस्पिरिन चालू आहे की" म्हणून ती टाळू नका, या आजारात ॲस्पिरिन त्या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

टप्पा 8: एकदा होऊन गेल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी लिहून घ्या: स्ट्रोक कशामुळे झाला, कुठली गोळी किती दिवस, आणि बीपीचं टार्गेट किती. फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून, "अंगात ताकद आली की सुरू करू" असं उलटं नाही. रडू येणं, कशातच मन न लागणं हे स्ट्रोकनंतर खूप कॉमन आहे, त्यावर औषध असतं, तेव्हा तेही फॉलोअपला सांगा. इस्ट्रोजेनवाली गोळी परत सुरू करायची नाही, गर्भनिरोधनाचा दुसरा मार्ग डिस्चार्जच्या आधीच ठरवून घ्या. आणि पुढे मूल हवं असेल तर वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी आणि बीपीच्या काही गोळ्या बाळाला घातक असतात, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर धावपळ नको, प्लॅनिंग सुरू करण्याआधीच न्यूरोलॉजिस्ट आणि गायनॅक दोघांकडून गोळ्या बदलून घ्या, तोपर्यंत मनाने एकही बंद करू नका.